टेनिसनचं आर्थर-काव्य पहिल्यांदा वाचताय? मग सातव्या भागापासून सुरू करा

'आयडिल्स ऑफ द किंग' पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो कारण मी तेच केलं होतं, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा जेरेंट नावाच्या सरदारापाशी येऊन गाडी अडली. हा जेरेंट बायकोवर संशय घेतो, तिला सांगतो की घोड्यावर माझ्या पुढे चालायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, मग वाटेत दरोडेखोर दिसतात, ती बिचारी न राहवून त्याला सावध करते, तो तिच्यावरच डाफरतो, दरोडेखोरांना लोळवतो, पुढे निघतात, परत दरोडेखोर. दोन अख्खे भाग जातात यात. तिसऱ्या वेळी ऑडिओ लावताना चुकून सातवा भाग लागला आणि बंद करायचं राहून गेलं, कारण पोळ्या लाटत होतो, हात पिठाचे होते. त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि हे काव्य आपलं झालं.

तर ज्यांना राजा आर्थर, राणी ग्विनिवियर, लान्सलॉट हे प्रकरण पद्यात वाचायचंय पण कुठून धरायचं कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्रजी साहित्य शिकलेलं असायची गरज नाही. कादंबरी वाचता येईल इतकं इंग्रजी आणि थोडा धीर, बास.

आधी हे आहे काय ते पटकन. आल्फ्रेड टेनिसन, जन्म १८०९, १८५० पासून मरेपर्यंत म्हणजे १८९२ पर्यंत इंग्लंडचा राजकवी. त्याने आर्थरच्या दंतकथा घेऊन बारा भागांचं, जवळपास दहा हजार ओळींचं काव्य लिहिलं. आपल्याकडे खंडकाव्य किंवा आख्यान म्हणू त्यातला प्रकार, फक्त आतून बघाल तर कादंबरीच आहे, माणसं आहेत, संवाद आहेत, खिडक्या आहेत, गैरसमज आहेत. आणि मधोमध एकच गाठ आहे. लान्सलॉट हा राजाचा सगळ्यात लाडका, सगळ्यात भरवशाचा माणूस, आणि त्याचं प्रेम राणीवर. राजाशी इमान राखावं तर राणीशी बेइमानी, राणीशी राखावं तर राजाशी. बाकी सगळं, म्हणजे तलवारी, तळी, जादूगार, हे त्या गाठीच्या भोवती.

पायरी १: गोष्ट आधीच माहीत करून घ्या

हो, स्पॉयलर मुद्दाम वाचा. विकिपीडियावर दहा मिनिटं घालवा, शेवट काय होतो तोही वाचून टाका. कीर्तनाला बसलेल्या कुणाला सुभद्राहरणात पुढे काय होणार हे माहीत नसतं का? तरी लोक मांडी घालून बसतातच, बुवा ते कसं सांगतात ते ऐकायला. टेनिसनच्या वाचकांनाही शेवट पाठ होता. त्यामुळे तो अनेक ठिकाणी गोष्ट नीट सांगतच नाही, गृहीत धरतो, आणि आपण नवखे तिथे गडबडतो की अरे हा मधेच कोण आला.

किमान सहा नावं एका कागदावर लिहून तो बुकमार्क म्हणून ठेवा: आर्थर राजा, ग्विनिवियर राणी, लान्सलॉट, मर्लिन जादूगार, मॉड्रेड (राजाचा पुतण्या-भाचा काय ते, घरभेदी), आणि बेडिव्हियर जो शेवटी एकटा उरतो. आणि एक लक्षात ठेवा, या नावांची स्पेलिंग प्रत्येक कवीगणिक बदलतात. इसोल्ट, इझोल्ड, इसूल्ट ही एकच बाई. व्हिव्हियन आणि निम्यू हीसुद्धा बरेचदा एकच. मी आधी यांना वेगवेगळ्या बायका समजून वाचत होतो आणि मर्लिनची किती लफडी आहेत म्हणून थक्क होत होतो.

आर्थर खरा होता का, या प्रश्नात पहिल्या महिन्यात तरी शिरू नका, त्यात बुडालेले लोक परत काव्याकडे आलेले मी पाहिले नाहीत. एवढंच माहीत असू द्या की ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा 'इतिहास' लिहिला त्यात आर्थर आहे, मर्लिन आहे, राणी आहे, राणीला पळवणारा मॉड्रेडही आहे, पण लान्सलॉट नाही! गोलमेजसुद्धा नाही, ती ११५५ मध्ये वास नावाच्या कवीने आणली. लान्सलॉट राणीचा प्रियकर म्हणून येतो तो त्यानंतर, ११७० च्या दशकाच्या आसपास, क्रेत्यां द त्र्वा या फ्रेंच कवीच्या पद्यात. म्हणजे ज्या माणसावाचून आज ही कथा सांगताच येत नाही तो मुळात एका कवीने मागाहून आत सोडलेला आहे. त्यामुळे 'मूळ गोष्टीत असं नाहीये' हा वाद इथे फार चालत नाही, प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलीय.

पायरी २: पुस्तक कुठून आणायचं

फुकट आहे. कॉपीराइट कधीच संपलाय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण टेक्स्ट मिळतं, फोनवर किंवा किंडलवर टाका, लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओ आहे तोही फुकट, स्वयंसेवक वाचतात त्यामुळे कुणाचा आवाज गोड तर कुणाचा सर्दी झाल्यासारखा, चालवून घ्या. रॉचेस्टर विद्यापीठाचा 'कॅमलॉट प्रोजेक्ट' म्हणून आहे तिथे आर्थरवरच्या असंख्य कविता आणि चित्रं एकत्र सापडतात, तिथे मात्र जपून जा, रात्रीचे दोन वाजतात.

छापील घ्यायचं तर टिपा असलेली आवृत्तीच घ्या. नुसतं काव्य छापलेली स्वस्त प्रत पहिल्यांदा उपयोगाची नाही, शब्द अडतात.

अडतात म्हणजे कसे ते सांगतो. 'लिस्ट्स' आलं की याद्या समजू नका, ते द्वंद्वाचं मैदान. 'अनॉन' म्हणजे निनावी नाही, 'लगेच'. 'कास्क' म्हणजे शिरस्त्राण, 'मीअर' म्हणजे तळं, 'समाइट' म्हणजे भारी रेशमी कापड, 'केसमेंट' म्हणजे बिजागरीवर उघडणारी खिडकी. असे वीस-पंचवीस शब्द आहेत, पुन्हा पुन्हा तेच येतात, पहिल्या भागात डिक्शनरी उघडावी लागेल, तिसऱ्या भागात नाही लागणार.

पायरी ३: मोठ्याने वाचा, निदान पहिल्या पन्नास ओळी

ही पायरी लोक टाळतात, लाज वाटते. दार लावून घ्या. आपल्या कानाला यमकाची सवय आहे, ओवी घ्या, आर्या घ्या, शेवटी काहीतरी जुळतं आणि कानाला कळतं की ओळ संपली. इथे यमक नाही. ओळीत दहा अक्षरोच्चार, एक हलका एक जड असे पाच ठोके, आणि वाक्य ओळीच्या शेवटी थांबेलच असं नाही, तीन तीन ओळी ओलांडून जातं. डोळ्यांनी वाचलं तर गद्य तोडून ठेवल्यासारखं वाटतं आणि माणूस म्हणतो यात काव्य कुठाय.

सातव्या भागातली ही एक जोडी घ्या, या अख्ख्या काव्याची चावी म्हणून लोक हीच दाखवतात:

हिज ऑनर रूटेड इन डिसऑनर स्टुड,
अँड फेथ अनफेथफुल केप्ट हिम फॉल्सली ट्रू.

पहिली ओळ बोटांवर मोजा: हिज-ऑ, नर-रू, टेड-इन, डिस-ऑ, नर-स्टुड. पाच ठोके. आता अर्थ बघा. त्याची अब्रू उभी होती ती बेअब्रूत मूळ धरून, आणि बेइमान इमानाने त्याला खोटेपणाने खरा ठेवला होता. मराठीत सांगताना माझी जीभ अडखळते, आणि इंग्रजीतही ती अडखळावी अशीच रचना आहे. इमान, बेइमान, खोटं, खरं, चार शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून उभे, आणि लान्सलॉट नेमका तसाच अडकलाय. तो राणीला सोडत नाही म्हणून खरा, आणि तिला सोडत नाही म्हणूनच खोटा. हे त्याचं 'द्विधा मनःस्थिती' वगैरे नाही, तो कुठल्या बाजूला जायचं यावर विचार करत बसलेला नाही, तो दोन्ही बाजूंना आधीच शब्द देऊन बसलाय. आपल्याला कर्ण माहीत आहे त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये.

पायरी ४: सातवा भाग, 'लान्सलॉट अँड इलेन'

चौदाशेच्या आसपास ओळी आहेत. मोठ्याने वाचलंत तर दोन तास, तीन बैठकांत करा. गोष्ट थोडक्यात सांगतो, सांगून टाकली तरी काही बिघडत नाही हे वर बोललोच.

आर्थरला राजा होण्याआधी एका तळ्याकाठी मेलेल्या राजाच्या सांगाड्यावर मुकुट सापडलेला असतो, त्यात नऊ हिरे. दर वर्षी एक स्पर्धा, एक हिरा बक्षीस. आठ लान्सलॉटने जिंकलेत आणि कुणाला बोलला नाहीये, नववा जिंकला की सगळे एकदम राणीला द्यायचे असा त्याचा बेत. नवव्या वर्षी राणी म्हणते मला बरं नाही, मी येत नाही. लान्सलॉटला वाटतं ही सुचवतेय की तूही थांब. म्हणून तो राजाच्या तोंडावर सांगतो, जुनी जखम भरली नाही, मला घोड्यावर बसवणार नाही. राजा जातो आणि राणी उलट याच्यावरच भडकते, की तू का राहिलास, लोक काय म्हणतील, आता जा, पण ओळख लपवून जा, आणि राजाला नंतर सांग की माझ्या नावालाच लोक घाबरून पडतात म्हणून निनावी लढलो.

इथे थांबा आणि हा प्रसंग दोनदा वाचा. एका गैरसमजातून एक खोटं, ते झाकायला दुसरं, आणि या दुसऱ्या खोट्यामुळे पुढे एका पोरीचा जीव जातो. बाहेर कुणी खलनायक नाही. चोरटं प्रेम रोजच्या रोज कसं चालतं याचं इतकं घरगुती वर्णन मला तरी दुसरीकडे सापडलं नाही.

मग तो ॲस्टोलॅटला जातो, तिथल्या घरात कोरी ढाल उसनी मागतो, आपली ओळखीची ढाल तिथल्या मुलीकडे, इलेनकडे, ठेवायला देतो. ती त्याच्या प्रेमात. तिची मोती भरलेली लाल बाही तो शिरस्त्राणावर बांधतो, आजवर कुठल्याच बाईची खूण त्याने लढताना बांधलेली नसते म्हणून, म्हणजे ओळख आणखी पक्की लपावी म्हणून. तिच्यासाठी तो आकाश आणि याच्यासाठी ती एक वेषांतराची वस्तू. हे टेनिसन कुठेही असं फोडून सांगत नाही हं, मी सांगतोय.

स्पर्धेत तो आपल्याच भाऊबंदांच्या हातून जखमी होतो, कारण त्यांना वाटतं कोण हा आमच्या लान्सलॉटची बरोबरी करणारा. इलेन त्याची शुश्रूषा करते, वाचवते, आणि शेवटी तोंडाने सांगते की माझं तुमच्यावर प्रेम आहे. तो म्हणतो तू लग्न करशील तेव्हा जमीनजुमला देईन. अगदी मनापासून म्हणतो, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. तिचा बाप लान्सलॉटला बाजूला घेऊन सांगतो, तुम्ही फार सौजन्याने वागता साहेब, जरा तोडून वागा, म्हणजे पोरीचं मन फिरेल. लान्सलॉट म्हणतो ते माझ्या स्वभावात नाही, पण जमेल ते करतो. संध्याकाळकडे तो आपली ढाल मागवतो. ती स्वतः ढालीवर शिवलेलं आवरण काढून नुसती ढाल खाली पाठवते. फरसबंदीवर घोड्याच्या टापा वाजतात, ती खिडकीची कडी काढते, खाली बघते. तिची बाही आता त्याच्या शिरस्त्राणावर नाही. कडीचा आवाज त्याला ऐकू गेलाय. ती वरून बघतेय हे त्याला माहीत आहे. आणि ती हे जाणते की त्याला माहीत आहे. तो वर बघत नाही, हात हलवत नाही, निरोप घेत नाही, निघून जातो. आयुष्यभर सौजन्याने वागलेल्या माणसाचं हे एकच असौजन्य, असं कवी म्हणतो, आणि पुढच्या ओळीकडे जातो.

बाकी, तिचं प्रेत नावेतून कॅमलॉटला, म्हणजे आर्थरच्या राजधानीला, येतं, मुका म्हातारा नोकर नाव वल्हवतो, एका हातात लिली एका हातात पत्र, हे चित्रांमुळे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच वेळी वर महालात काय चाललंय बघा: लान्सलॉट नऊ हिरे राणीपुढे ठेवतो, राणीच्या कानावर त्या लाल बाहीची बातमी आधीच गेलेली, ती मत्सराने ते नऊच्या नऊ खिडकीतून नदीत फेकते, आणि हिरे जिथे पाण्यात पडतात तिथूनच थोड्या वेळात इलेनची नाव सरकत जाते. नऊ वर्षांची मेहनत पाण्यात, आणि त्यावरून ती मेलेली मुलगी. फिल्मी म्हणा हवं तर. मला चालतं.

पायरी ५: अकरावा भाग, 'ग्विनिवियर', आणि इथे राग येणार आहे

मधले तीन भाग सोडून थेट इथे या. हे दोन्ही भाग १८५९ साली पहिल्या चार आयडिल्समध्येच (म्हणजे भागांमध्येच) छापून आले होते, त्यामुळे लोकांनी पहिल्यांदा वाचलं ते बऱ्यापैकी असंच, मधलं काही नसतानाच. एकंदरीत टेनिसनने हे काव्य सरळ क्रमाने लिहिलंच नाही. शेवटचा भाग आहे ना, आर्थरच्या मृत्यूचा, त्याचा गाभा त्याने सगळ्यात आधी लिहिला, १८३३-३४ मध्ये, त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक गेला त्यानंतर लगेच, हॅलम बावीस वर्षांचा होता. नाव आर्थर, हा योगायोग लक्षात घ्या. ते १८४२ मध्ये छापलं. मग १८५९ मध्ये चार, १८६९ मध्ये आणखी चार (पुस्तकावर साल १८७० आहे), १८७१, १८७२, आणि सगळ्यात शेवटी १८८५ मध्ये छापलेला 'बेलिन अँड बेलन' त्याने नेऊन बसवला पाचव्या जागी. पन्नास वर्षं. कवी स्वतः शेवटाकडून सुरू झाला, मग आपण पहिल्या पानापासूनच वाचायचं हा नियम कुणाचा?

तर ग्विनिवियर. सगळं फुटलंय. सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे: मॉड्रेड बागेच्या भिंतीवर चढून राणीवर टपून बसलेला असतो, लान्सलॉट येता येता त्याचा पाय धरून खाली ओढतो, कसा, तर माळी कोबीवरची हिरवी अळी चिमटीत उचलतो तसा. मॉड्रेडचे कपडे हिरवे असतात म्हणून तो तसा दिसतो. एवढा मोठा राज्यनाश आणि त्याची सुरुवात कोबीवरच्या अळीने. टेनिसन लिंकनशरच्या खेड्यात वाढला, अळ्या त्याने पाहिल्या असणारच.

नंतर राणी पळून आल्म्सबरीच्या मठात लपते, ओळख न सांगता. तिच्यासोबत एक लहानशी नवशिकी जोगीण, बडबडी, तिला माहीतच नाही समोर कोण आहे, आणि ती त्या दुष्ट राणीबद्दलच बडबडत राहते. राणी ऐकून घेते. मग राजा येतो. ती पावलं ओळखते आणि जमिनीवर पालथी पडते, तोंड फरशीला, केस पसरलेले. आणि राजा बोलायला लागतो. आणि बोलतो. आणि बोलतच राहतो.

इथे बऱ्याच जणांचं डोकं फिरतं, माझंही फिरलं. तो तिला सांगतो की माझं सगळं राज्य, सगळा आदर्श तुझ्यामुळे बुडाला, आणि तरीही मी तुला क्षमा करतो, देव करतो तशी. ती खाली, हा वर उभा. सीतेच्या गोष्टीत 'राजा आधी की नवरा आधी' हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं लोक भांडून भांडून झिजवतायत, त्यामुळे हा सीन मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही, फक्त इथे बाजू उलटी आहे, राणीची चूक खरी आहे. पण म्हणून सगळा दोष तिचा? लान्सलॉट कुठे गेला हिशेबातून? टेनिसनच्या काळातही सगळे गप्प बसले नाहीत, स्विनबर्न या कवीने या काव्याला 'मॉर्त द आल्बर्ट' (आल्बर्टचा मृत्यू) म्हणून खिजवलं, म्हणजे हा आर्थर नसून व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्टच आहे. आणि १८६२ मध्ये टेनिसनने अर्पणपत्रिका खरंच दिवंगत आल्बर्टला लिहिली होती, त्यामुळे टोमणा बरोबर बसतो.

माझा सल्ला, रागवा पण पुस्तक ठेवू नका, कारण याच भागात राणी एक आठवण काढते जी मला त्या भाषणापेक्षा खरी वाटते. लग्नाआधी तिला आणायला राजाने लान्सलॉटला पाठवलं होतं. स्वतः आला नाही, सगळ्यात विश्वासू माणूस पाठवला. वसंतातला प्रवास, झाडांखालून, निळ्या फुलांवरून, हास्यविनोद करत, आणि प्रवासाच्या शेवटी तिने राजाला पहिल्यांदा पाहिलं आणि तिला तो थंड वाटला, उंच, आपल्यात मिटलेला, 'माझ्या लान्सलॉटसारखा नाही'. संपलं. कर्तव्य म्हणून पाठवलेला माणूस कर्तव्य म्हणून तिला घेऊन आला आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. आता पहिला भाग उघडा, 'द कमिंग ऑफ आर्थर', तिथे हाच प्रवास चार-पाच ओळींत येतो, एप्रिलमध्ये गेला, मेमध्ये फुलांमधून परत आला. सुरुवातीपासून वाचणारा या ओळी नजरेआड करून पुढे जातो. उलटं वाचत आलेल्याला मात्र त्या टोचतात.

पायरी ६: उरलेल्यातून काय घ्यायचं

पहिला भाग झाला की दुसरा घ्या, 'गॅरेथ अँड लिनेट', तो हलकाफुलका आहे, राजघराण्यातला पोरगा दरबाराच्या भटारखान्यात राबतो वगैरे. पण त्यात वेशीवर मर्लिन त्याला जे सांगतो तिथे खूण करून ठेवा: राजा तुला अशा शपथांनी बांधेल की त्यांनी बांधून न घेणं ही माणसाला लाज, आणि त्या पाळणं कुणाही माणसाला शक्य नाही. दुसऱ्याच भागात, ऐन वसंतात, मर्लिनने सगळं सांगून ठेवलंय.

मग उडी मारून दहावा, 'द लास्ट टूर्नामेंट'. इथे ट्रिस्ट्रम नावाचा सरदार त्या शपथांवर उघड हसतो, म्हणतो फार आवळून बांधलेली शपथ आपोआप तुटते. तो लान्सलॉटसारखा कुढत नाही, मजेत आहे. दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्यात माणकांचा हार घालतो, त्या गळ्याचं चुंबन घ्यायला वाकतो तेवढ्यात तिचा नवरा मार्क मागून येऊन त्याचं डोकं फोडतो. 'मार्कची पद्धत', एवढंच बोलतो मार्क. भाग जवळजवळ तिथेच तुटतो. शिशिराची पानगळ या भागभर आहे, एकंदर बारा भागांत मिळून एक वर्ष फिरतं, वसंतापासून हिवाळ्यापर्यंत, ते ध्यानात ठेवून वाचलं की हवामानाचे उल्लेख नुसते सजावटीचे वाटत नाहीत.

आणि शेवटी बारावा. धुक्यातली लढाई, कुणाला कळत नाही आपण कुणाला मारतोय. जखमी राजा बेडिव्हियरला सांगतो तलवार तळ्यात टाक. बेडिव्हियर दोनदा जातो आणि दोनदा लपवून परत येतो, इतकी सुंदर वस्तू टाकवत नाही, आणि राजापाशी खोटं बोलतो. प्रेम आणि आज्ञा, पुन्हा तीच गाठ, आणि यात बाई नाही, एक तलवार आहे फक्त. हा भाग कानाने ऐका, शक्य असेल तर रात्री.

जेरेंटचे दोन भाग, 'होली ग्रेल', 'पेलियस', 'बेलिन' हे नंतर, सावकाश, किंवा नाही वाचलेत तरी मी कुणाला सांगणार नाही. 'मर्लिन अँड व्हिव्हियन' वाचा, पण त्यातली बाई इतकी वाईट दाखवलीय की कवीचीच दया येते.

वाचता वाचता चित्रं बघायची असतील तर ज्युलिया मार्गारेट कॅमरनचे फोटो शोधा. बाई कलकत्त्यात जन्मलेल्या, १८१५ मध्ये, पुढे आइल ऑफ वाइटवर टेनिसनच्या शेजारी राहायला होत्या आणि त्याच्याच सांगण्यावरून १८७४-७५ मध्ये या काव्यासाठी फोटो काढले. ओळखीपाळखीच्या लोकांना झगे घालून उभं केलंय. गणेशोत्सवातल्या जिवंत देखाव्यांची आठवण येते अगदी, आणि तरी त्यातली राणी बघितली की हसू थांबतं.

पायरी ७: हे झाल्यावर

तीन दिशा आहेत. मागे जायचं तर क्रेत्यांचं तेच फ्रेंच पद्य, इंग्रजी भाषांतरात. त्यात राणीला पळवून नेलंय, शोधात निघालेल्या लान्सलॉटचा घोडा मेलाय, आणि एक बुटका गाडीवान म्हणतो गाडीत बस मग सांगतो राणी कुठेय. त्या काळी गुन्हेगारांची धिंड काढायची ती गाडी, बसला की अब्रू गेली. बुद्धी म्हणते नको, प्रेम म्हणतं चढ. तो दोन पावलं, मोजून दोन पावलं, थांबतो आणि मग चढतो. पुढे तलवारीच्या पात्याच्या पुलावरून सरपटत, हातपाय कापून घेत तो राणीपर्यंत पोचतो तर ती तोंड फिरवते. का, तर ती दोन पावलं. थांबलासच का. टेनिसनच्या गंभीर चेहऱ्यानंतर हे वाचताना मी मोठ्याने हसलो, मग जरा वेळाने हसू आलं नाही.

पुढे जायचं तर अमेरिकन कवी एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन, त्याचं 'लान्सलॉट' १९२० चं, पहिल्या महायुद्धानंतरचं, जादूबिदू काढून टाकलेली, माणसं थकलेली, बोलून बोलून एकमेकांना सोडवू पाहणारी. 'ट्रिस्ट्रम' १९२७ चं, त्याला पुलित्झर मिळालं, पण मला 'लान्सलॉट' जास्त जवळचं.

आणि टेनिसनच्या राणीवर अन्याय झाला असं वाटून पाचव्या पायरीवर चरफडला असाल तर विल्यम मॉरिस. 'द डिफेन्स ऑफ ग्विनिवियर', १८५८, म्हणजे टेनिसनच्या आधी एक वर्ष. छोटी कविता आहे, एका बैठकीत होते. इथे राणी जमिनीवर पडलेली नाही, भर सभेत उभी राहून बोलते, आरोप करणाऱ्यांना तोंडावर सांगते की तू खोटं बोलतोस. ती म्हणते, समजा तुम्ही मरणपंथाला लागलाय आणि पलंगाच्या पायथ्याशी एक देवदूत दोन कापडं घेऊन उभा आहे, एक निळं, लांब, लहरदार, एक लाल, आखूड कापलेलं. तो म्हणतो यातलं एक स्वर्ग आणि एक नरक, कुठलं कुठलं ते मी सांगणार नाही, निवड. तुम्ही अर्धा तास कुडकुडत विचार करता आणि म्हणता, आकाशाचा रंग, निळं. तो म्हणतो, नरक.

मी हे आत्तापर्यंत घरातल्या आणि ऑफिसातल्या पाच जणांना विचारून पाहिलंय, पुढचं न सांगता, चहा पिता पिता. चौघांनी निळंच घेतलं. पाचवी आमची आत्या, ती म्हणाली लाल, आणि का म्हणून विचारलं तर म्हणाली, आखूड आहे ना, कुणीच घेणार नाही ते.